कादंबरीमालिका कायमची बंद करणेबाबत

प्रति,
मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील सर्व आजी, माजी व भावी सरपंच

विषय : 'आबा सरपंच' यांच्यावरील विनोदी कादंबऱ्यांची मालिका बंद करणेबाबत.

संदर्भ : १) आपली वेळोवेळी आलेली पत्रे. २) एक वकिली नोटीस. ३) येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) दिवशी शेतात झालेली तोंडी चर्चा.

महोदय / महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की... माफ करा, हे वाक्य नोकरीत इतक्या वेळा लिहिलंय की पेन हातात घेतलं की तेच उमटतं. सरळ सांगतो. आबांची नववी कादंबरी येणार नाही. २०२१ ला आलेली आठवी, तीच शेवटची समजावी.

वाचकांच्या आधी तुम्हाला कळवतोय, कारण वाचकाचं काय, तो हसतो आणि पुस्तक मिटून झोपतो. आबांचा खरा त्रास झाला तो तुम्हाला. पारावरची पोरं तुमच्या पाठीमागं आबांची वाक्यं म्हणायची. ग्रामसभेत मागून कुणीतरी 'आबा, सूचक कोण?' असं ओरडायचं आणि तुम्हाला हसावं की उठून जावं ते कळायचं नाही. हे मला माहीत होतं. सांगायला लाज वाटते, पण त्याचा मला आनंदही व्हायचा.

ज्यांनी पुस्तकं न वाचताच राग धरला (पत्रांवरून दिसतं की तुमच्यात अशांची संख्या चांगली आहे) त्यांच्यासाठी दोन शब्द. आबा म्हणजे सात वार्डांच्या एका गावचे सरपंच. खिशाला दोन पेनं. त्यातलं एक चालत नाही, आणि ज्या कागदाला पुढं नाकबूल व्हायचंय त्या कागदावर ते चालत नसलेल्या पेनानं सही करतात. ठरावाला जो विरोध करील त्यालाच त्या ठरावाचा सूचक म्हणून प्रोसिडिंगला घेतात. कायद्याचं एकच कलम त्यांनी वाचलंय, पण ते तोंडपाठ आहे : ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जे कमी ते लोक लागतात, आणि सभा एकदा तहकूब झाली की पुढच्या सभेला गणपूर्तीच लागत नाही. म्हणून पहिल्या फटक्यात सभा भरली तर आबांना अपशकुन वाटतो. आधी तहकूब, मग चहा, मग अडीचशे सह्यांचं प्रोसिडिंग. हे प्रकरण तुमच्यापैकी काहींनी प्रशिक्षणात मोठ्यानं वाचून दाखवलं, असं कानावर आलं. कोणत्या हेतूनं, ते विचारत नाही.

संदर्भ क्रमांक दोनबद्दल. एका माजी सरपंचांनी वकिलामार्फत प्रकाशकांना कळवलं की आबांची दात कोरायची चांदीची काडी, पांढरे बूट आणि बोलताना डावा डोळा मिटायची लकब ही सगळी आमच्या अशिलाची आहे. त्या गृहस्थांना मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. चांदीची काडी मी मनानं रचली होती. नोटीस आली तेव्हा कळलं की मराठवाड्यात तशी एक खरोखरच आहे.

आणि एक पत्र मी अजून कपाटात जपून ठेवलंय. स्वतः पंधरा वर्षं सरपंच, पुढं मंडळी पाच वर्षं, एकूण वीस. 'एवढ्या कारकिर्दीत आपणास आमच्यावर एक पानही लिहावेसे वाटले नाही याचा खेद होतो.' अक्षर मोत्यासारखं. खाली ग्रामपंचायतीचा गोल शिक्का.

सगळ्याची सुरुवात २०००-०१ ची. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाचं पहिलंच वर्ष. मी तेव्हा ज्या गावात होतो तिथं तपासणी समिती येणार म्हणून गावातली सगळी शेळ्या-मेंढरं आदल्या रात्री शेजारच्या गावात नेऊन बांधली. चार दिवसांनी समिती शेजारच्या गावात गेली, तर त्यांची आणि आमची अशी दोन्ही गावची जित्राबं आमच्या गल्लीत. तिसऱ्या गावानं शहाणपणा केला. आधी तारखा विचारून घेतल्या आणि मगच शेळ्या ठेवून घेतल्या. भिंतींवर सुविचार लिहायचे होते. पेंटरला भिंत पुरली नाही, म्हणून त्यानं 'स्वच्छता तेथे' एका घरावर लिहिलं आणि 'लक्ष्मी' समोरच्या घरावर. त्या समोरच्या घरी वर्षभर लोक उसने पैसे मागायला यायचे.

मी हे रात्री वहीत उतरवून काढलं. हसू आवरेना. घरातून आवाज आला, 'येवढ्या रातच्याला कुणाला पत्र लिवायलात?' पहिलं पुस्तक २००२ ला आलं, टोपणनावानं.

पुढं सरकारनं विषयाला तोटा पडू दिला नाही. २००७ ला तंटामुक्ती आली आणि तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षपदावरून लागलेला तंटा एका पुस्तकाला पुरला. २०११ ला महिलांचं आरक्षण निम्म्यावर गेलं आणि आबांच्या घरात, बायकोच्या नावावर, आबांचाच दुसरा कार्यकाळ सुरू झाला. २०१७ ला सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, २०२० ला ते रद्द झालं. मी मसुदा फाडला. २०२२ ला थेट निवड परत आली, तेव्हा फाडलेला मसुदा टाकून दिल्याचं दुःख झालं.

मालिका बंद करतोय म्हटल्यावर जवळची चार माणसं एकच कारण गृहीत धरून बसली. 'आता बातम्याच तुमच्या पुस्तकासारख्या यायल्या, तुम्ही काय लिहिणार?' तसं काही नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांची निवडणूक रद्द केली, कारण सरपंचपदाचा लिलाव झाला होता. मित्र म्हणाले, आता तुमचं दुकान बंद. मला उलट वाईट वाटलं की हे आपल्या बाजूला झालं नाही, आपल्याला आधी सुचलंही नाही. जग काही २०२१ पासून विनोदी झालेलं नाही. कागदावर विहिरी खोदायचं काम आपल्याकडं त्याच्या किती आधीपासून चालू आहे, ते तुम्ही जाणता.

तर मग नवव्याचं काय झालं, ते सांगतो.

एकशेचाळीस पानं झाली होती. विषय पवनचक्की. बीड आणि धाराशिवच्या माळावर ते उंच खांब उभे राहायला लागले, ती लांबलचक पाती घेऊन ट्रक गावाच्या वळणावर अडकायला लागले, तेव्हाच ठरवलं होतं की आबांना वारा द्यायचा. आबा कंपनीच्या इंजिनिअरला समोर बसवतात आणि समजावून सांगतात : वारा आमच्या हद्दीतून वाहतो. हद्दीत जे जे आहे त्याची नोंद नमुना आठला पाहिजे. घराला घरपट्टी, नळाला पाणीपट्टी, तशी वाऱ्याला वारापट्टी. थकबाकी गाव वसलं तेव्हापासूनची. इंजिनिअर बिचारा विचारतो, वारा दुसऱ्या गावावरून येतो ना? आबा म्हणतात, म्हणून तर, त्यांचा ना हरकत दाखला आणा. हे लिहिताना मी एकटाच इतका हसलो की चष्मा काढून पुसावा लागला.

मग ९ डिसेंबर २०२४ उजाडला. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण झालं आणि खून झाला. तपासात पवनऊर्जा प्रकल्पाकडून मागितलेल्या खंडणीचा विषय पुढं आला. मामला कोर्टात आहे, त्याचा निवाडा करणारा मी कोण. पण लातूरहून केज काही लांब नाही, आणि माझ्या टेबलावर ती वही उघडी होती. माझ्या वहीत पैसा मागणारा सरपंच होता. तिथं मारहाण सोडवायला मध्ये पडलेला सरपंच होता. वही मिटली. त्यात काही थोरपणा नव्हता, पुढचं वाक्यच येईना.

तीन आठवड्यांनी, ३० डिसेंबरला, येळवस होती. दरवर्षीसारखा गावी गेलो. आमच्याकडं त्या दिवशी गाव ओस आणि शिवार भरलेलं असतं, हे लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायला नको. बाकी जिल्ह्यांतल्या सरपंचांनी एकदा यावं. कडब्याची कोप, पूजा, मग पंगत : भज्जी, उंडे आणि माठातली आंबील. आमच्या गावच्या सरपंच भावकीतल्या सून लागतात. डीएड झालेल्या, थेट निवडून आलेल्या. मी टोपणनावानं लिहितो हे गावात सगळ्यांना माहीत. गावात काय लपतं? आंबील वाढता वाढता त्या म्हणाल्या,

'तात्या, एक विचारू का? तुमच्या पुस्तकातल्या गावाला तालुका नाही का हो?'

मी म्हणालो, आहे की. पहिल्याच पुस्तकात तालुक्याचा बाजार आहे.

'बाजार आहे. पण तिथून कुणाचा फोन येत नाही. आज सणाचा दिवस, तरी सकाळपासून मला तीन आले. एकाला काम न करता बिल पाहिजे. एकाला मागच्या तारखेचा ठराव पाहिजे. तिसरा तर नाव बी सांगत नाही, नुसतं भाऊंनी सांगितलंय म्हणतो. कोणते भाऊ, विचारायची सोय नाही. तुमच्या आबाला कुणीच कसं काही सांगत नाही? लई सुखाचा माणूस आहे बघा.'

पंगतीतले लोक हसले. मीही हसलो, पण घास खाली उतरेना. त्या रागावलेल्या नव्हत्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, 'आणि त्या सरपंचबाईला तुम्ही नुसतं सहीपुरतंच ठेवलं. तिला ती तरी नीट करू द्यायची होती.' आणि माझ्या ताटात आणखी भज्जी वाढली.

परत आल्यावर आठही पुस्तकं काढून बसलो. तालुका खरंच नाही. इंजिनिअर येतात, साहेब येतात, पण सगळे गाढव. आबांच्या वरचा, ज्याला आबा भितात, असा माणूस अडीच हजार पानांत एकदाही येत नाही. आणि तालुका शोधता शोधता आणखी एक माणूस गायब असल्याचं दिसलं. ग्रामसेवक. पहिल्या पुस्तकात तो रजेवर आहे. दुसऱ्यात प्रशिक्षणाला गेलाय. तिसऱ्यात त्याला कमी ऐकू येतं. चौथ्यात पंचायत समितीत मीटिंग आहे. सहाव्यात त्याला ताप आहे, दीडशे पानं ताप. ग्रामपंचायतीच्या चेकवर दोन सह्या लागतात, सरपंचाची आणि ग्रामसेवकाची. माझ्या आबांनी वीस वर्षं लाखांचे चेक वटवले, सगळे एका सहीवर. एकाही समीक्षकाच्या ध्यानात आलं नाही. तुमच्या आलं असणार. तुम्ही का बोलला नाहीत, तेही मला कळतं.

मी चौतीस वर्षं ग्रामसेवक होतो. २०२४ ला त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, मी जुन्या नावानंच निवृत्त झालो. टोपणनाव घेतलं ते नोकरी सांभाळायला. एवढी वर्षं मी सांगायचो की हा लेखक गावाला आतून ओळखतो. ओळखत होताच. ठरावांचं प्रोसिडिंग त्याच्याच अक्षरात होतं.

सहाव्या पुस्तकातली टँकरची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. त्यात आबा उभ्या टँकरच्या खेपा लिहून घेतात आणि वर म्हणतात, 'पाणी दिसत नाही म्हणजे लोकांनी पिलं.' ते वाक्य पुढं फार चाललं. आता जे घडलं होतं ते सांगतो. २०१६ चा उन्हाळा. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळ्या देशाचे कॅमेरे स्टेशनवर. त्याच दिवसांत मी नेमणुकीला होतो त्या गावचा टँकर तीन दिवस बंद पडून रस्त्याकडेला उभा होता. लॉगबुकात नऊ खेपा भरायच्या होत्या. सरपंच माझ्याकडं आले. साधा माणूस, दोन एकराचा कोरडवाहू धनी. म्हणाले, 'भाऊसाहेब, ह्या खेपा नका भरू. बायका घागरी घेऊन रस्त्याला बसल्यात.' मी म्हणालो, वरून फोन आलाय. त्यांनी विचारलं, कुणाचा? मी सांगितलं नाही. नऊ खेपा भरल्या, माझी सही केली आणि वही त्यांच्यापुढं सरकवली. बराच वेळ त्यांनी पेन हातात धरून ठेवलं. मग सही केली.

पुस्तकात मी फोन काढून टाकला, ग्रामसेवकाला ताप आणला आणि खेपा आबांच्या तोंडी दिल्या. लोक पोट धरधरून हसले. त्या सरपंचांचं पत्र कधी आलं नाही. त्यांनी पुस्तक वाचलं की नाही, तेही मला ठाऊक नाही. वाचलं असेल तर त्यांनी स्वतःला ओळखलं असेल. तुमच्यातल्या एवढ्या जणांनी चुकून स्वतःला ओळखलं, आणि ज्यांना खरंच ओळखता आलं असतं त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही.

पैठणला नाथांच्या समाधीला जाणं होतं अधूनमधून. भारुडं लहानपणापासून ऐकतोय. विंचवाच्या भारुडात विंचू शेजाऱ्याला चावत नाही, म्हणणाऱ्यालाच चावतो, आणि सोंग घेणारा स्वतःच लोळून दाखवतो. आमच्याच मातीत चारशे वर्षांपूर्वी हे करून ठेवलेलं. मी वीस वर्षं विंचू तुमच्या पायावर सोडला आणि स्वतः बाजेवर बसून मजा बघितली.

यातून कुणी गैरसमज करून घेऊ नये. तुम्ही सगळे हरिश्चंद्र आहात असं मी म्हणत नाही. अस्सल आबा मी डोळ्यांनी पाहिलेत, दोघांच्या हाताखाली कामही केलंय. त्यांनी हे पत्र फ्रेम करून कार्यालयात लावू नये. टक्केवारी मागताना ज्यांचा आवाज मऊ होतो त्यांच्यावर हसायचंच, आणि पोरांनी मागून 'सूचक कोण' ओरडायचंच. पण उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं हाताशी होतं म्हणून मी त्यालाच टिचक्या मारत बसलो, आणि वरच्या मडक्यांकडं मान वर करून पाहिलं नाही. नोकरीत असताना भीती होती हे एक वेळ समजू. निवृत्तीनंतरच्या नवव्या पुस्तकातही मी तेच करत होतो, ते कशानं?

'मग तालुका घेऊन लिहा की,' असं आमच्या गावच्या सरपंच म्हणाल्याच. लिहीन किंवा नाही लिहिणार. लिहिलंच तर ग्रामसेवकाला रजा मिळणार नाही, आणि आबा त्यात नसतील. त्यांना तो फोन उचलायला लावणं माझ्यानं व्हायचं नाही. वीस वर्षांत त्यांना एकदाही भीती वाटलेली नाही. ते आता शिकवायचं म्हणजे दुसराच माणूस होईल.

काही वाचकांनी सुचवलं की आबांना शेवटच्या पुस्तकात देवाघरी पाठवा, म्हणजे विषय मिटेल. शेरलॉक होम्सला त्याच्या लेखकानं १८९३ साली धबधब्यात ढकललं होतं. दहा वर्षांत त्याला जिवंत करून परत आणावं लागलं, लोक ऐकेनात. माझे वाचक एवढे नाहीत, तो धोका कमी. पण २०२४ च्या डिसेंबरनंतर मराठवाड्यातल्या कुठल्याही सरपंचाला, कागदावर का होईना, मारायला माझा हात धजणार नाही.

तेव्हा आबा जिथं आहेत तिथंच ठेवतोय. आठव्या पुस्तकाच्या शेवटी ते मारुतीच्या पारावर ग्रामसभेला बसलेत, समोर सतरा माणसं आणि एक झोपलेलं कुत्रं. त्यांनी नुकतंच जाहीर केलंय : सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही हे त्यांना पाठ आहे. फक्त पुढच्या सभेची नोटीस काढायला सचिव, म्हणजे ग्रामसेवकच, लागतो, आणि सचिव २०२१ ला निवृत्त झाला.

सहाव्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निघणार नाही, असं प्रकाशकांना कळवलंय. ज्यांच्याकडं जुनी प्रत असेल त्यांनी टँकरच्या प्रकरणात, खेपा लिहिल्या जातात त्या पानावर, आबांच्या सहीशेजारी पेन्सिलीनं माझी सही आहे असं धरावं.

कळावे.

आपला,
माजी ग्रामसेवक

प्रत माहितीस्तव सविनय सादर : तालुका.